सोमलिंग बागेवाडीचं बाइंडिंग

उचगावातल्या एका बारशात सोमलिंग बागेवाडीच्या तोंडून एक वाक्य निसटलं आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या दारात तीन पोरांची जुनी पाठ्यपुस्तकं येऊन पडली.

झालं होतं असं. पंगतीत शेजारी बसलेल्या एका पाहुण्यांनी जिलेबी मोडता मोडता विचारलं, "पावणं, सध्या काय चाललंय तुमचं?" हा प्रश्न आला की सोमलिंगच्या अंगावर काटा यायचा. शेती म्हणावं तर नाही, दुकान म्हणावं तर नाही. कॉम्प्युटर म्हणावं तर समोरचा खिशातून मोबाईल काढून "ह्यो जरा अडकतोय, बघा की" म्हणतो. म्हणून त्या दिवशी त्यानं खरं तेच सांगून टाकलं, "सध्या बाइंडिंगचं काम चाललंय."

"अरं वा! मग जूनमदी हात रिकामा न्हाय म्हणायचा," पाहुणे म्हणाले.

पुस्तकं दारात आली तेव्हा बायको पूर्णिमानं विचारलं, "हे काय आणलंय?" सोमलिंगनं सगळं सांगितलं. ती हसून हसून ओट्याला टेकली. शेवटी, आपलं बाइंडिंग म्हणजे काय हे पाहुण्यांना समजावण्यापेक्षा पुस्तकं शिवणं सोपं, असा हिशोब करून त्यानं दाभण आणि दोरा आणला आणि दोन रविवार बसून ती शिवून दिली. त्या वर्षात त्याच्या हातून पहिल्या झटक्यात नीट झालेलं काम तेवढं एकच, असं पूर्णिमाचं मत. सोमलिंगचंही तेच.

सोमलिंग मूळचा गडहिंग्लजच्या पलीकडचा. तिकडं माणूस भांडण मराठीत काढतो आणि कानडीत मिटवतो. डिप्लोमा करायला कोल्हापुरात आला तो इथलाच झाला. शेहेचाळीस वर्षांचा, किडकिडीत, कपाळावर भस्माची रेघ आणि शर्टाच्या खिशाला गळक्या पेनाचा कायमचा डाग. नोकरी शिरोली एमआयडीसीत, उदयसिंहदादांच्या छोट्या कारखान्यात. दादा फौंड्र्यांना लागणारी तपासणीची यंत्रं बनवायचे. पत्रा, मोटारी, वेल्डिंग हे दादांकडे आणि कॉम्प्युटरचं खातं सोमलिंगकडे. खातं म्हणजे तो एकटाच. त्यामुळं खात्याचा प्रमुख तोच, हाताखालचा माणूसही तोच आणि चुकलं की एकमेकांकडे बोट दाखवायची सोय नाही.

गोष्ट सुरू झाली ती एका आवाजापासून. फौंड्रीत ओतलेल्या लोखंडी भागाला, म्हणजे जॉबला, आत चीर गेली असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, पण हातोडीनं ठोकलं की कानाला कळते. चांगला जॉब खणखणीत वाजतो, चिरलेला बद्द. माठ घेताना बाया टिचकी मारून बघतात, तोच प्रकार. दादांच्या एका गिऱ्हाइकाच्या फौंड्रीत हे काम धोंडुबाई करायच्या. बावीस वर्षं त्या एका लाकडी पेटीवर बसून डाव्या हातानं जॉब फिरवत होत्या आणि उजव्या हातानं ठोकत होत्या. त्यांच्या एकटीनं वाढतं काम उरकेना, म्हणून मालकांनी दादांना यंत्र करायला सांगितलं. दादांनी लोखंडी बोट बनवलं. ते जॉबवर टक्कन आपटायचं, शेजारचा माइक आवाज ऐकायचा आणि खणखणीत की बद्द हे सोमलिंगच्या प्रोग्रॅमनं ठरवायचं.

प्रत्येक जॉबचा आवाज वेगळा, म्हणून नियमही वेगळे. ते फोरमनला स्वतः लिहिता यावेत म्हणून सोमलिंगनं एक छोटी मराठी नियमभाषा तयार केली होती. 'जर आवाज इतक्या वेळाच्या आत विरला, तर बद्द' अशा थाटाची. या भाषेचा त्याला भलता अभिमान. एका सकाळी दाढी करताना आरशात बघून तो स्वतःशी म्हणालाही, "सोमलिंगा, लोक भाषा बोलतात, तू भाषा केलीस." तेवढ्यात वस्तरा लागला.

भाषा चांगली होती, पण यंत्राला एका जॉबला चार सेकंद लागायचे. तेवढ्या वेळात धोंडुबाईंचे तीन जॉब ठोकून व्हायचे. पहिल्या दिवशी त्यांनी पेटीवर बसूनच विचारलं, "काय रं इंजिनेर, तुझं मशिन इचार करतंय का डुलकी काढतंय?"

"नवं आहे मावशी. होईल सवय."

"कुणाला? त्याला का आमाला?"

दोष यंत्राचा नव्हता. सोमलिंगचा प्रोग्रॅम पायथॉन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत होता आणि आवाजाच्या प्रत्येक कणासाठी तो नियम पहिल्यापासून वाचून समजून घ्यायचा. दर भाकरीला 'पीठ म्हणजे काय' इथून सुरुवात करणाऱ्या सुगरणीसारखं. यावर उपाय एकच होता. नियमाचं एकदाच थेट प्रोसेसरच्या बोलीत भाषांतर करून टाकायचं, म्हणजे कंपायलर लिहायचा. आता कंपायलरचं मागचं अवजड काम करणारी एलएलव्हीएम नावाची लायब्ररी, म्हणजे आयत्या प्रोग्रॅमांचा संच, तयार मिळते आणि मोठमोठ्या भाषा तिच्यावर उभ्या आहेत. आपण तिला 'ही बेरीज कर, ही तुलना कर' असं पायरीपायरीनं सांगायचं, की ती प्रोसेसरला समजेल असं करून देते.

फक्त ती बोलते सी प्लस प्लसमध्ये. सोमलिंगनं ती भाषा शिकायचा आठ दिवस प्रयत्न केला. त्याच्या पहिल्या प्रोग्रॅमच्या ओळी होत्या अकरा आणि त्यावर आलेल्या चुकांच्या ओळी एकशे साठ. त्यानं पुस्तक परत कपाटात ठेवलं, वर धुण्याची पावडर ठेवली, आणि मग त्याला कळलं की मधे दुभाष्या ठेवायची सोय आहे. त्यालाच बाइंडिंग म्हणतात. आपण पायथॉनमध्ये सांगायचं, बाइंडिंग ते लायब्ररीला तिच्या भाषेत सांगणार आणि उत्तर परत आपल्या भाषेत आणून देणार.

हे त्यानं पूर्णिमाला मोठ्या उत्साहानं समजावलं. पूर्णिमा पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत कारकून. रोज एसटीनं गड चढायची आणि उतरायची. दिवसभर लोकांच्या अर्जांतली वाक्यं सरळ करून तिला अर्ध्या गोष्टीवरून पुरी गोष्ट कळायची. ती भाजी निवडत म्हणाली, "म्हणजे लग्नानंतर तुम्ही माझं नि अव्वांचं करत होता तेच की."

ते खरं होतं. त्याच्या आईला, रत्नव्वाला, तेव्हा मराठी फारसं यायचं नाही आणि पूर्णिमाला कानडीचं अक्षर नाही. मधे सोमलिंग. एकदा रत्नव्वा म्हणाली होती, "हुडगी छलो अदाळ, खरे रोट्टी दप्प अदाव." सोमलिंगनं भाषांतर केलं, "अव्वा म्हणते, मुलगी चांगली आहे." भाकरी जाड होतात हा पुढचा भाग त्यानं घरात शांतता राहावी म्हणून गिळून टाकला. दोन वर्षांनी पूर्णिमा कानडी शिकली आणि तिला कळलं की आपण दोन वर्षं जाड भाकरी वाढत होतो आणि कुणी सांगितलंच नाही.

"तसलं बाइंडिंग असंल तर जपून," ती म्हणाली. "जे सांगितलं न्हाय, त्याचाच ताप होतोय."

सोमलिंगनं ते हसण्यावारी नेलं. माणूस शहाण्याचं बोलणं हसण्यावारी नेतो तेव्हा त्याचं पुढं काय होतं, हे त्याला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक असायला हवं होतं.

कामाला लागला. पहिली परीक्षा म्हणून त्यानं अगदी साधं फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, घेतलं: दोन आकड्यांची बेरीज. त्याचं यंत्राच्या बोलीत भाषांतर झालं. सोमलिंगनं दोन आणि तीन दिले. उत्तर आलं, वजा एकशे बेचाळीस कोटी आणि वर काही लाख. पुन्हा दिले. या वेळी दुसरेच कोटी. कुठं चूक झाली म्हणून सांगणारी एक ओळ नाही. दुभाष्या शांतपणे कोटीकोटींची उत्तरं आणून देत होता.

चार दिवसांनी कारण सापडलं. फंक्शन दशांश आकड्यांचं केलं होतं आणि सोमलिंगनं बाइंडिंगला सांगितलं होतं की आकडे पूर्णांक आहेत. बाइंडिंगनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्याच्या शब्दावर एवढा विश्वास आजवर कुणीच ठेवला नव्हता. त्याला रागही येईना.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पडद्यावर 'पाच' उमटलं. पॉइंट शून्य. सोमलिंग खुर्चीवरून उठला, दादांच्या केबिनचं दार न वाजवता आत गेला आणि म्हणाला, "दादा, जमलं! दोन आणि तीन पाच आले!"

दादांनी चष्मा वर केला. "सोमलिंग, आमच्या बालवाडीत हे पयल्या आठवड्यात झालतं."

तरी त्यांनी मिसळ मागवली. दादा मनाचे मोठे. पण मिसळ खाताना कारखान्यातला जो तो "दोन आणि तीन किती रं?" विचारत होता आणि सोमलिंग ठसका लागल्याचं निमित्त करून नाक पुसत होता.

पुढचं मात्र भराभर झालं. नियमभाषेतलं 'जर' आलं, 'तर' आलं, आवाज किती वेळात विरतो ते मोजणं आलं. चार सेकंदांचं काम सेकंदाच्या विसाव्या भागात व्हायला लागलं. आकडा बघून सोमलिंगला वाटलं आपलं घड्याळ चुकलं. घड्याळ बरोबर होतं. मग त्याची मान जरा ताठ झाली, चालण्यात फरक पडला, आणि दादांना त्यानं स्वतःहून सांगितलं, "फौंड्रीच्या मालकांना कळवा. सगळ्यांसमोर दाखवू."

मंगळवारी सकाळी फौंड्रीत सगळे जमले. मालक, फोरमन, दादा आणि पेटीवर धोंडुबाई. सोमलिंगनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. यंत्र सुरू झालं. टक्, खणखणीत. टक्, खणखणीत. टक्, बद्द. धोंडुबाई बाजूला तोच जॉब ठोकून मान डोलवायच्या. चाळीस जॉब झाले, एकही फरक नाही. मालक म्हणाले, "लई भारी!" सोमलिंगला राहवलं नाही. तो बोलू लागला. कंपायलर म्हणजे काय, जगात असली कामं कुठं कुठं होतात, कोल्हापुरात हे बहुधा पहिल्यांदाच. हात हवेत असतानाच यंत्राचं बोट वर राहिलं. पडद्यावरचा प्रोग्रॅम गेला. बंद पडला असंही म्हणता येईना. होत्याचा नव्हता झाला. काळ्या खिडकीत इंग्रजीत दोनच शब्द, त्यांचा अर्थ एवढाच की प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या जागेत पाय टाकला म्हणून त्याला हाकलून दिलं.

सोमलिंगनं पुन्हा सुरू केला. तीन मिनिटं चालला, गेला. पुन्हा सुरू केला. नऊ मिनिटं चालला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि गेला.

"व्होल्टेज कमी-जास्त होतंय," सोमलिंग म्हणाला.

फोरमननं मीटर दाखवला. व्होल्टेज ठीक होतं.

"मग धूळ. वाळूची धूळ आत जातीय."

"आवं, फौंड्री हाय ही," धोंडुबाई म्हणाल्या. "धूळ न्हाईतर काय गुलाल असतोय व्हय?"

दादा काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर महामार्गाला लागेपर्यंतही बोलले नाहीत, आणि सोमलिंगला त्याचंच जास्त लागलं.

तीन दिवस त्यानं सगळं उलटंपालटं केलं. केबल बदलली, कॉम्प्युटर बदलला. आपला प्रोग्रॅम तीनदा वाचला. आपलंच लेकरू म्हटल्यावर त्यात खोट कशी दिसणार? दिसली नाही. तेव्हा त्यानं निष्कर्ष काढला की दुभाष्याच फितूर आहे. बाइंडिंग लिहिणाऱ्यांचं इंटरनेटवर तक्रारींचं पान होतं, जगातल्या कुणालाही दिसणारं. तिथं त्यानं इंग्रजीत लांबलचक तक्रार लिहिली. टाकण्याआधी पूर्णिमाला वाचायला दिली.

तिनं वाचली. "ह्यात 'हलगर्जीपणा' तीनदा आलाय."

"आहेच त्यांचा."

"हे बघा, आमच्या कचेरीत जो माणूस सगळ्यात मोठ्यानं वरडत येतो ना, 'माझा कागद तुमी हरवला' म्हणून, त्याचा कागद नव्वद टक्के त्याच्याच पिशवीत सापडतोय. शांतपणे लिवा. काय केलं, काय झालं, एवढंच."

सोमलिंगनं एक 'हलगर्जीपणा' कमी केला आणि तक्रार त्या पानावर टाकली. खाली नाव, गाव, कारखाना सगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. कुठल्या देशातली बाई होती कोण जाणे, पण तिनं आधी नमस्कार केला होता, यंत्राची कल्पना आवडली म्हणून लिहिलं होतं आणि मग चार ओळी. तुम्ही इंजिन तयार करता, त्याच्याकडून फंक्शनचा पत्ता घेता आणि इंजिन सोडून देता. इंजिन धरून ठेवा.

सोमलिंगला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि कान तापले. भाषांतर झालेलं फंक्शन राहतं ते लायब्ररीच्या त्या 'इंजिना'च्या पोटात. पायथॉन म्हणजे मोठी नीटनेटकी सासूबाई. कुणी धरून ठेवलेलं नाही असं काही दिसलं की सवडीनं उचलून बाहेर टाकते. सोमलिंगनं पत्ता खिशात जपला होता आणि घर मात्र मोकळं सोडलं होतं. झाडलोट होईपर्यंत सगळं छान. झाडलोट झाली की प्रोग्रॅम त्या पत्त्यावर जायचा, तिथं घर नाही, भलत्याच्याच जागेत पाय, आणि खेळ खलास. कधी तीन मिनिटांनी, कधी नऊ, सासूबाईंना सवड होईल तसं.

दुरुस्ती एका ओळीची होती. खरं तर एका शब्दाची. इंजिनाला एक कायमचं नाव दिलं, झालं.

संध्याकाळी पूर्णिमा एसटीतून उतरून घरी आली. सोमलिंग म्हणाला, "कागद सापडला."

"कुणाच्या पिशवीत?"

त्या दिवशीचा चहा सोमलिंगनं स्वतः केला.

तक्रार काढून टाकावी म्हणून तो पानावर गेला. तेव्हा कळलं, तिच्याखाली तोवर सात जणांनी आभार मानले होते. त्यांचंही तसंच कोसळत होतं, फक्त त्यांनी विचारायचं धाडस केलं नव्हतं. आता काढायची कशी? दोन 'हलगर्जीपणा' सकट तक्रार तिथंच राहिली. सोमलिंग बागेवाडी, कोल्हापूर, हे नाव आता जगभरात निदान सात माणसांना माहीत आहे, आणि ते कशासाठी, हे तो घरच्या कार्यात सांगत नाही. त्या बाईंनी सुचवलं म्हणून त्यानं माफी मागून त्यांच्या माहितीपुस्तिकेत एक वाक्य घालायला पाठवलं: पत्ता वापरात आहे तोवर इंजिन धरून ठेवा. त्यांनी ते घेतलं. त्यातलं व्याकरण मात्र सुधारून घेतलं.

फौंड्रीत तो दुसऱ्यांदा गेला तो साध्या शर्टात, आणि भाषण केलं नाही. यंत्र सकाळी आठला सुरू केलं ते संध्याकाळी पाचला बंद केलं. मधे एकदाही गेलं नाही. दादा मधूनच येऊन पाठीमागं उभे राहायचे आणि काही न बोलता जायचे. या वेळी सोमलिंगला ते बरं वाटलं.

पण चार वाजता धोंडुबाईंनी एक जॉब यंत्राखालून काढून घेतला. यंत्र म्हणालं होतं खणखणीत. त्यांनी ठोकला, कानाशी धरला. "न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो खोटा वाजतोय."

"मावशी, नियमात बसतोय तो."

"नेम तुझा हाय. आवाज माझ्या वळखीचा हाय. ह्यो आधी खणखणतोय आन मग मधीच थरथरतोय, रडायच्या आदी पोरगं करतंय तसं."

मालकांनी जॉब कापायला लावला. आत केसाएवढी चीर निघाली. सोमलिंग पेटीशेजारी पालथ्या बादलीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, परत सांगा. हळूहळू." त्यानं आवाज पडद्यावर काढून दाखवला आणि धोंडुबाईंनी बोट ठेवून नेमकी ती थरथर दाखवली. पडद्यावरची रेघ त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. त्या दिवसापासून नियमभाषेत खणखणीत आणि बद्द यांच्या जोडीला तिसरा शब्द आला: रडका. आता फौंड्रीत नवा जॉब आला की नियम धोंडुबाई सांगतात, फोरमन लिहितो. मालकांनी त्यांना पेटीऐवजी पाठीची खुर्ची दिली. ती त्यांनी दोन दिवसांत परत केली, ठोकताना हात अडतो म्हणून.

पुढच्या वर्षी दादांना दुसऱ्या फौंड्रीचं काम मिळालं. यंत्र उतरवलं, जोडणी झाली. तिथले मॅनेजर म्हणाले, "घाला तुमचे नियम, सुरू करू." सोमलिंग म्हणाला, "आधी इथं जॉब कोण ठोकतं त्यांना बोलवा."

आकाराम नावाचे एक म्हातारे आले. सोमलिंगनं नमस्कार केला, वही उघडली आणि अदबीनं विचारलं, "काका, चिरलेला जॉब तुम्हाला आवाजात कसा ओळखू येतो?"

आकारामकाकांनी कानामागं हात धरला. "आँ?"

सोमलिंगनं मोठ्यानं विचारलं. मग आणखी मोठ्यानं. शेवटी शेजारच्या कामगारानं सांगितलं, "त्यास्नी ऐकू येत न्हाय साहेब. धा-बारा वर्सं झाली. मोल्डिंगच्या मशिनपाशी कान गेलं. पर जॉब एक चुकत न्हाईत."

आकारामकाकांना तेवढ्यात विषय समजला. त्यांनी एक चिरलेला जॉब डाव्या तळहातावर घेतला, ठोकला आणि सोमलिंगचा हात ओढून त्याची बोटं जॉबच्या कडेवर दाबून धरली. "हिथं," ते ओरडून म्हणाले, "मुंग्या आल्या का?"

सोमलिंगनं डोळे मिटून बघितलं. काहीच आलं नाही.

"न्हाय आल्या, काका," तो मान हलवत मोठ्यानं म्हणाला. "परत ठोका."